स्वतःच्याच शाळेत स्वतःची मुलं: संध्याकाळसाठी ताकद कुठून आणायची?

मलप्रभेकाठची

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. पहिली ते तिसरीचा नलि-कलि वर्ग माझ्याकडे आहे. मुलगी चौथीत, मुलगा दुसरीत, दोघंही माझ्याच शाळेत. नलि-कलित तिन्ही इयत्ता एकत्र बसतात, त्यामुळे मुलगा पहिलीपासून माझ्याच वर्गात आहे आणि तिसरी संपेपर्यंत राहणार.

जे कर्नाटकात नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. नलि-कलि म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ साली सुरू झालं आणि पुढे राज्यभर पसरलं. यात फळ्याकडे तोंड करून रांगेत बसणं नाही. मुलं गटागटाने खाली बसतात, आपापलं कार्ड घेतात, शिडीवरची आपली पायरी झाली की पुढच्या पायरीवर जातात. एका गटाला बाई पूर्ण वेळ लागतात, दुसऱ्याला अधूनमधून, तिसरा गट एकमेकांना विचारून शिकतो. मला ही पद्धत मनापासून आवडते. पण बाईंना बूड टेकायला मिळत नाही, आणि तोंड तर अजिबात मिटत नाही.

माझा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. भाकऱ्या, भाजी, डबे, मुलांच्या अंघोळी. नवरा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत आहे, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मग बस. मला आणि मुलीला शक्ती योजनेचं, म्हणजे बायका-मुलींना फुकट प्रवासाचं, झिरो तिकीट मिळतं, मुलाचं अर्धं काढावं लागतं. ते तिकीट तो दिवसभर चड्डीच्या खिशात जपतो, कारण घरात पैशांचं तिकीट फक्त त्याचं आणि बाबांचं. शाळेत पोचलं की प्रार्थना, नाडगीत म्हणजे राज्यगीत, दूध, तास. दुपारी बिसी ऊट म्हणजे शाळेतलं गरम जेवण, अंडं कोण खातं, केळं कोण घेतं ते बघायचं, नोंद करायची. मधूनच सीआरपींचा, म्हणजे आसपासच्या शाळांचं काम बघणाऱ्यांचा, मेसेज येतो की अमुक माहिती आजच्या आज भरा. प्रतिभा कारंजीचे, म्हणजे शाळांच्या कलास्पर्धांचे, दिवस असले की शेवटच्या तासाला नाच बसवायचा. साडेचारच्या सुमाराला सुटलो की बस मिळेल तशी, घरी यायला साडेपाच होतात.

आणि तिथून पुढे ही दोघं खरी सुरू होतात. दप्तर फेकलं की धाकटा गोठ्याच्या पत्र्यावर. मोठी त्याच्या मागे, "आई बघ की, हा पडतोय" म्हणत स्वतःही वर. परवा आजीच्या चंचीतला चुना काढून दोघांनी पडवीच्या भिंतीवर अख्खी बस काढली, कंडक्टरसकट. चित्र सुंदर होतं, मी पुसलं नाही अजून. दोघंही एकदम बोलतात, दोघांनाही उत्तर त्याच क्षणी हवं असतं. आणि माझा आवाज तोवर गेलेला असतो.

मुलं खोडकर आहेत ही माझी तक्रार नाही. अशीच असावीत. पण दिवसभर पोरांमध्ये राहून पुन्हा पोरांमध्येच यायचं, तर साडेपाच ते नऊ हा वेळ तुम्ही कसा काढता? शिक्षक असलेल्या आई-बाबांनी सांगा. स्वतःची मुलं स्वतःच्याच वर्गात असलेल्यांनी तर नक्कीच सांगा.

वडगावची अक्का

मी शहरातल्या शाळेत आहे, माझं घर दहा मिनिटांवर. तरी हेच. मी घरी आल्यावर आधी वीस मिनिटं आतल्या खोलीत आडवी होते, दार लावून. मुलांना सुरुवातीला पटलं नाही, आता घड्याळाचा काटा बघत बाहेर बसतात. तुमच्या सासूबाई आहेत ना घरी? तेवढा वेळ त्या बघू शकतील का?

मलप्रभेकाठची

अक्का, सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्या मुलांना गोष्टी सांगतात, भूक लागली तर चुरमुरे देतात, पण पत्र्यावरून खाली काढायला त्यांना जमत नाही. तरी वीस मिनिटांचं बोलून बघते.

तिसरं गेट

ताई, राग मानू नका. मी टिळकवाडीत राहतो, बायको शिक्षिका आहे. आम्ही दोन्ही मुलांना इंग्लिश मीडियमला घातलं. सकाळी व्हॅन येते, दुपारी व्हॅन सोडते, नंतर ट्युशन. बायको घरी येते तेव्हा मुलांचा अर्धा अभ्यास झालेला असतो. तुम्ही तुमच्या मुलांना चोवीस तास डोळ्यांसमोर ठेवलंय, मग दमणारच. खानापुरातही चांगल्या शाळा आहेत. मुलांनाही जरा वेगळे शिक्षक मिळतील.

मलप्रभेकाठची

राग नाही हो दादा. तुम्ही तुमच्या घराचं बघून ठरवलंत. माझं सांगते.

आमच्या गावाकडे मराठी शाळेत पट कमी झाला की आधी एक शिक्षक जातो, मग दोन वर्ग एकत्र होतात, मग पालक म्हणतात की तिथं शिक्षकच नाहीत, आणि उरलेलीही पोरं जातात. हे मी आसपासच्या शाळांत डोळ्यांनी पाहिलंय. मी दारोदार फिरून लोकांना सांगते की पोरांना आपल्या शाळेत घाला. "बाई, तुमची कुठे आहेत?" असं लोक पहिल्याच दारात विचारतात. तिथं मला खरं उत्तर देता येतं.

दुसरं म्हणजे माझ्या मुलांना मराठी घट्ट यावं असं मला वाटतं. कन्नड त्यांना शाळेत आहेच, आणि बसमध्ये, बाजारात ती माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. इंग्लिशही पहिलीपासून आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही जमेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असंच म्हटलंय. मी मात्र धोरण वाचून ठरवलं नाही. मी स्वतः याच तालुक्यात मराठी शाळेत शिकले.

तेव्हा शाळा बदलणं सोडून बोलूया.

चिकोडीचे सर

बाई, शाळेबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. मी हायस्कूलला आहे, दहावीचे वर्ग, म्हणजे डिसेंबरपासून एसएसएलसीचे जादा तास. बायको नर्स, तिची ड्यूटी फिरती. मुलगे दोन, सात आणि नऊ वर्षांचे. आमच्या घरात संध्याकाळ माझी असते, म्हणून लिहितोय.

मी घरी पोचल्यावर घरात शिरतच नाही. गाडी लावली की दोघांना घेऊन थेट मैदानावर. मी खेळत नाही, कट्ट्यावर बसतो. बोलत नाही, मोबाईलही बघत नाही. ते धावतात, भांडतात, पडतात, परत उठतात. तिथं माझ्याकडे कोणी काही मागत नाही. सात वाजता घरी आलो की दोघंही भुकेलेले आणि थोडे थंड झालेले असतात. आधी आम्ही घरी येऊन चहा, मग अभ्यास, मग खेळ असं करत होतो. अभ्यासात रडारड, खेळायला अंधार. क्रम उलटा केला आणि घरातला आवाज निम्मा झाला.

२०२५ चा दसरा आठवतोय ना सगळ्यांना? २२ सप्टेंबरपासून राज्य सरकारचं सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण, घरोघरी जायचं काम आम्हा शिक्षकांकडे, एका घराला ६० प्रश्न, दारावर चिकटवलेला नंबर शोधत फिरायचं, मोबाईलला रेंज मिळेपर्यंत कुणाच्या तरी गच्चीवर उभं राहायचं. सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत लांबली, पण ती मुलांना, आम्हाला नव्हे. तेव्हा मैदान बंद पडलं आणि दोन्ही पोरांनी घर डोक्यावर घेतलं. संध्याकाळचं ते पळणं आमच्या घराला किती सावरत होतं ते मला तेव्हा कळलं.

मलप्रभेकाठची

सर, सर्वेक्षणाचं काय सांगू. आमच्या भागात दोन घरांमध्ये एक ओढा आणि एक टेकाड. मुलांना तेव्हा माहेरी ठेवलं होतं.

मैदानाचं पटतंय. आमच्याकडे मैदान नाही, पण सुगी झाल्यावर भाताची रिकामी शेतं आहेत. पावसाळ्यात काय करायचं हा प्रश्न आहे. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस तुम्हा चिकोडीकरांना सांगून कळायचा नाही. जुलैत कधी कधी शाळांनाच सुट्टी जाहीर होते, आणि मग दिवसभर दोघं पडवीत.

गुरुजींची लेक

मी शिक्षिका नाही, पालकही अजून नाही. पण मी चार वर्षं माझ्या वडिलांच्या वर्गात शिकले, निपाणी भागातल्या एका खेड्यात, दोन शिक्षकी शाळा. तुमच्या मुलाच्या जागेवरून काही सांगावंसं वाटतं. लांबलं तर सांभाळून घ्या.

लोकांना वाटतं गुरुजींच्या मुलीची चंगळ असते. असतं उलटंच. वर्गात गडबड झाली की पहिलं नाव माझं घेतलं जायचं, कारण माझं घेतलं की बाकीच्यांना कळायचं की गुरुजी कुणाची बाजू घेत नाहीत. उत्तर येत असून हात वर केला तरी मला विचारायचे नाहीत. नाटकात मला झाड व्हायला लागायचं, राणी दुसरी कुणीतरी. खाऊ वाटताना मी शेवटी. वडील अतिशय न्यायी माणूस होते, गाव आजही नाव काढतं. पण त्या न्यायाचा खर्च माझ्या वाट्याला यायचा आणि तो मला मोजता येत होता. सात वर्षांच्या मुलालाही मोजता येतो.

आणि मग घरी आल्यावर मी जे काही करायचे! आईच्या भाषेत सांगायचं तर अंगात यायचं. दिवसभर शहाणी राहून राहून दम कोंडलेला असायचा. तुमचा धाकटा पत्र्यावर चढतो ते वाचल्यावर मला मी दिसले. तो तुमच्यासमोर सहा-सात तास विद्यार्थी असतो. साडेपाचला त्याला त्याची आई परत मिळते, आणि ती खरंच आलीय का हे तो पत्र्यावरून बघतो.

वडिलांनी पुढे काही गोष्टी बदलल्या, बहुतेक आईने सांगितल्यावर. माझ्या वह्या दुसरे गुरुजी तपासायला लागले. त्यांच्या वर्गातला एक मुलगा वडिलांकडे आला, अदलाबदल. घरी जेवताना शाळेतल्या कुठल्याही पोराची गोष्ट काढायची नाही असं ठरलं, चांगली नाही, वाईटही नाही. मीही कुणाची चहाडी घरी आणायची नाही. आणि शाळेतून येताना वडील सायकल हातात धरून चालायचे, मी बरोबर. त्या वाटेवर ते मला काहीही विचारायचे नाहीत, पाढे नाहीत, स्पेलिंग नाही. मी बडबडायचे, ते हं हं म्हणायचे. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त ती वाट आठवते.

त्याला वर्गात एखाद्या दिवशी राणीचं, नाही तर राजाचं काम द्या, ताई. त्याला येत असेल तर द्यायचं, बास. लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

मलप्रभेकाठची

तुमचा प्रतिसाद मी बसमध्ये वाचला आणि घरी येऊन पुन्हा वाचला.

अंड्याच्या रांगेत माझा मुलगा न सांगता शेवटी उभा राहतो. मला ते शहाणपण वाटायचं. दुसऱ्या बाई आहेत आमच्याकडे, चौथी-पाचवीच्या. उद्याच त्यांच्याशी बोलते, त्याच्या कार्डांची नोंद आणि मूल्यमापन त्यांच्याकडे द्यायचं. हेडमास्तर समजूतदार आहेत. बसमधल्या वेळाचंही लक्षात आलं. मी बसमध्ये पाढे घेते, वेळ वाया जाऊ नये म्हणून. ते बंद.

शेवगा

बेळगावात लहान मुलांसोबत काम करते, विशेष शिक्षिका आहे. वरच्या ताईंनी जे अनुभवातून सांगितलं ते आम्ही रोज पालकांना समजावतो. मूल शाळेत स्वतःला आवरतं, आणि जिथं त्याला सगळ्यात सुरक्षित वाटतं तिथं ते सोडतं. घरी मस्ती आणि शाळेत नीट, असं असेल तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. कुणी सहज "हायपर आहे वाटतं" म्हणून जातं, आणि आई झोप घालवून बसते. लक्ष न लागणं आणि अतिचंचलता हा विकार ठरवताना डॉक्टर बघतात की लक्षणं घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी आहेत का, सहा महिन्यांहून जास्त टिकली आहेत का, बारा वर्षांच्या आत सुरू झाली आहेत का, आणि त्यामुळे मुलाचं रोजचं जगणं अडतंय का. भिंतीवर कंडक्टरसकट बस काढणारं मूल बराच वेळ एका जागी बसलेलं असतं, हे विसरू नका.

दोन आकडे मात्र लक्षात ठेवावेत. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते. आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्रीची नऊ ते बारा तास झोप लागते. तुमची मुलं सकाळी सहाला उठत असतील तर नऊच्या आत झोपलीच पाहिजेत. उशिरा झोपलेलं मूल दुसऱ्या संध्याकाळी सुस्त नसतं, जास्त उसळतं. पुष्कळ घरांत मस्ती म्हणून जे दिसतं ते झोप कमी पडल्याचं असतं.

आणि आवाज! शिक्षकांचा आवाज हा आजार समजतच नाही कोणी. आवाज बसला असताना कुजबुजू नका, त्यानेही ताण पडतो. हळू, पण नेहमीच्या सुरात बोला. वर्गात लक्ष वेधायला टाळीचा ठेका किंवा हातघंटी वापरा. पाण्याची बाटली टेबलावर हवी, पिशवीत नको. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी

सगळ्यांचे वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे. मुलांना वेळापत्रक हवे. संध्याकाळी दिवा लागला की हातपाय धुऊन शुभंकरोती, पाढे, शुद्धलेखन. आमच्या पिढीत हे होते आणि मुले घडली. खेळ हवा, परंतु शिक्षकाच्या घरी अभ्यासाची वेळ ठरलेली नसेल तर इतरांनी कोणाकडे बघायचे?

बाईंना एक सुचवतो. मुलांना काम द्या. आमच्या शाळेत मेट्रिक मेळा म्हणजे मुलांचा बाजार भरायचा, मुले भाजी, चुरमुरे, लिंबू सरबत विकायला बसायची. वर्गात न बसणारी मुले तिथे तासन्‌तास हिशोब करीत बसलेली मी पाहिली आहेत. घरातही तेच होते. शेंगा फोडणे, लसूण सोलणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, आजीला पाणी नेऊन देणे. पसारा होईल, तरी द्यावे.

गुरुजींची लेक

गुरुजी, कामाचं शंभर टक्के पटलं. अभ्यासाबद्दल नम्रपणे वेगळं म्हणते. ज्या मुलाची आईच त्याची बाई आहे, त्याचा दिवस कधीतरी संपायला हवा ना? दिवेलागणीला पुन्हा तीच व्यक्ती पाटी घेऊन समोर बसली तर त्याची शाळा झोपेपर्यंत सुरूच राहते.

निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी

हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मग पाढे आजीने घ्यावेत. आजीचे पाढे पक्के असतात, आणि बसल्या जागी होते. गुडघ्याचा संबंध नाही.

उचगावची सून

गुरुजींना नमस्कार, हे फार छान सांगितलंत.

मला एक वेगळंच विचारायचंय. ताई, तुमच्या संध्याकाळीत तुमचा नवरा कुठे आहे? शिफ्ट फिरती असली तरी सकाळच्या शिफ्टच्या आठवड्यात तो दुपारीच घरी येत असेल. त्या आठवड्यात साडेपाच ते सात त्याच्याकडे द्या. भाकरी भाजता येत नसेल तर भात लावता येतो, आणि पोरांना शेतावर नेता तर नक्की येतं. माझ्या घरात सुरुवातीला सासऱ्यांना आवडलं नाही की त्यांचा मुलगा पोरीच्या वेण्या घालतो. आता सासरेच रिबीन शोधून देतात.

रजेबद्दलही एक सांगते, कारण बऱ्याच जणींना माहीत नसतं. कर्नाटकात सरकारी नोकरीतल्या बायकांना २०२१ पासून बालसंगोपन रजा आहे, एकूण १८० दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. तुम्ही चौकशी केलीय का?

मलप्रभेकाठची

रजेचं माहीत आहे ताई. पण मी रजेवर गेले तर तिन्ही इयत्तांची मुलं चौथी-पाचवीच्या बाईंकडे जातात, म्हणजे एका खोलीत पाच इयत्ता. म्हणून मी ती आजारपणासाठी, मोठ्या अडचणीसाठी ठेवलीय. माझ्यासारख्या खेड्यातल्या पुष्कळ जणींची रजा अशीच कागदावर राहते. शिक्षक पुरेसे असते तर संध्याकाळी मी एवढी रिकामी होऊन घरी आलेच नसते, हेही लिहून ठेवते.

नवऱ्याशी काल बोलले. तो म्हणाला, "मला सांगायचंस की आधी." सांगितलं होतं, पण आता वार ठरवून सांगितलं.

तिसरं गेट

ताई, शाळेबद्दल माझं मत तेच आहे, पण हा धागा बायकोला वाचायला दिला. ट्युशनमुळे आमची मुलं सातला घरी येतात आणि मग साडेदहापर्यंत घरात उड्या. तिने विचारलं, ही पळतात कधी? उत्तर नव्हतं. आता आठवड्यातले दोन दिवस ट्युशन बंद करून व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या जागेवर नेतोय.

वडगावची अक्का

दादा, उत्तम. तिथं संध्याकाळी आम्हीही असतो.

मलप्रभेकाठची

बऱ्याच दिवसांनी येतेय. बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं म्हणून काय जमलं, काय नाही, ते लिहिते.

मुलाची कार्डं आणि मूल्यमापन दुसऱ्या बाईंकडे गेलं. त्यांचा भाचा पहिलीत आहे, त्याचं मीच बघते, तो आधीपासून माझ्याकडे होताच. हेडमास्तरांनी आणखी एक केलं. आठवड्यातले काही तास बाई माझ्या वर्गात परिसर अभ्यास घेतात आणि मी त्यांच्या वर्गाला मराठी शिकवते. त्या तासांना मुलगा वेगळाच असतो म्हणे, प्रश्न विचारून भंडावतो. मी असताना तो एवढं विचारत नव्हता. मुलगी मात्र आता माझ्या तासाला आली, आणि तिला ते अजिबात पसंत नाही. तिचं काय करायचं ते बघायचंय. नाटकात सध्या तिला सगळ्यांनी मिळून जिजाऊ केलंय, मी निवडीच्या वेळी बाहेर उभी होते.

बसमध्ये पाढे बंद केल्यावर पहिले काही दिवस दोघं खिडकीवरून भांडली. मग मुलाने कंडक्टरशी दोस्ती केली. आता तो गावांची नावं कन्नडमध्ये ओरडून सांगतो, बसमधल्या बायका हसतात, मी डोळे मिटून बसते. ती माझी वीस मिनिटं, अक्का. घरी दार लावून पडणं मला जमलं नाही, बाहेरचे आवाज ऐकत पडून राहायचे. बसमध्ये जमतं, कारण तिथून ती कुठे जाऊ शकत नाहीत.

घरी आल्यावर आधी शेत. नवऱ्याची सकाळची शिफ्ट असेल तेव्हा तो नेतो, नसेल तेव्हा मी बांधावर बसते. वाडीतली आणखी पाच-सहा पोरं येतात, लगोरी, पकडापकडी. मी मध्ये पडत नाही, भांडण आलं तरी. बाई म्हणून हाक आली तर सांगते, बाई शाळेत आहेत. लहान पोरांना हे इतकं पटलं की आता तीच एकमेकांना सांगतात. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात स्वयंपाक मागे पडतो, तेव्हा पिठलं-भात, आणि कुणी काही म्हणत नाही.

पाढे आजीकडे. गुरुजी, तुमचं अगदी खरं ठरलं. सासूबाईंना पावकी, निमकी, दीडकी येते हे लग्नाला इतकी वर्षं होऊन मला माहीत नव्हतं. मुलगी निमकी शिकतेय आणि शाळेत मला शिकवायला येते. लसूण सोलायचं काम धाकट्याला आवडलं, कोंबड्यांचं नाही, त्याने दोनदा खुराडं उघडं टाकलं.

झोप नऊला अजून येत नाही. साडेनऊ होतात. शेवगा ताई, त्यावर काही असेल तर सांगा.

आवाज पुष्कळ बरा आहे. पितळी हातघंटी आणली, शाळेतल्या कपाटातच पडून होती.

शेवगा

साडेनऊ म्हणजे खूप जवळ आलात. जेवण अर्धा तास आधी ओढून बघा, आणि जेवल्यावर मोबाईल, टीव्ही कोणाच्याच हातात नको, मोठ्यांच्याही. दिवे मंद, आजीची गोष्ट. उठायची वेळ रविवारीही फार लांबवू नका. दोन आठवड्यांनी पुन्हा लिहा.

चिकोडीचे सर

बाई, पावसाळ्याचं राहिलं. एक सुचलं. आमच्याकडे एका सरांनी वर्गखोलीच्या व्हरांड्यात दोरीच्या उड्या आणि लंगडीचे चौकोन आखून ठेवलेत. तुमच्या पडवीत होईल का?

मलप्रभेकाठची

पडवी लांब आहे, होईल. चौकोन मुलांनाच आखायला सांगते. चुना कुठे असतो ते त्यांना माहीत आहे, फक्त यावेळी आजीला विचारून घ्या म्हणेन.

दिवाळीच्या सुट्टीचं मात्र ठरलंय. अंगणात किल्ला. वाडीतली सगळी पोरं एकत्र करणार आहेत, नवरा ओढ्याकडची माती आणून देणार, आणि राजहंसगड करायचा की भीमगड यावर आतापासून दोन तट पडलेत.

गुरुजींची लेक

भीमगड! तुमच्याच तालुक्यातला आहे. फोटो टाका नक्की.

निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी

किल्ल्यावर हळीव आणि मोहरी पेरावी. चार दिवसांत हिरवे होते. पेरणी आधी करावी, बांधकाम लांबते.